जुने साहसी सिनेमे पोरांना दाखवायचेत? सुरुवात कुठून करायची ते सांगते

आमच्याकडे ठाण्यात पाचपाखाडीत पावसाळ्यातला शनिवार म्हणजे घरात कोंडलेली पोरं. बाहेर धो धो चालू, पार्किंगमध्ये पाणी, उपवनला जायचं म्हटलं तर रिक्षावाला नाही म्हणतो, मग पाच पोरं एका सोफ्यावर आणि पाच जणांच्या हातात पाच मोबाईल. तीन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी मी सगळे मोबाईल गोळा केले आणि टीव्हीवर एक जुना सिनेमा लावला, आणि तेव्हापासून महिन्यातून दोन शनिवार आमच्या हॉलमध्ये हा कार्यक्रम चालू आहे. आता बिल्डिंगमधली नऊ पोरं येतात, दोन आजोबा येतात, आणि चेंदणी कोळीवाड्यातून माझ्या मुलीचा एक वर्गमित्र त्याच्या आईला घेऊन येतो. बऱ्याच जणांनी विचारलं की आम्हाला पण घरी सुरू करायचंय, कुठले सिनेमे, कसे लावायचे, पोरं कंटाळत नाहीत का. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

आधी कुठले सिनेमे ते सांगते. साधारण १९४० ते १९८० मधले, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावे म्हणून बनवलेले, ज्यात कोणीतरी घर सोडून निघतं, होडी असते, बलून असतो, गुहा असते, एखादं बेट किंवा एखादा घोडा असतो. रक्तपात नाही, शिव्या नाहीत. यातले काही एकेकाळी खूप चालले पण आज त्यांचं नाव कोणी काढत नाही, नव्या सिनेमांच्या गर्दीत ते मागे राहून गेले. मला ते का आवडतात तर त्यात माणसाचा हात दिसतो. राक्षस आहे तर तो कोणीतरी टेबलावर बसून बनवलाय, समुद्र आहे तर टाकीत पाणी भरून लाटा काढल्यात, आणि हे पोरांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. "हे कसं केलं असेल?" हा प्रश्न नव्या सिनेमाला आमच्या पोरांनी कधी विचारला नाही, तिथे उत्तर ठरलेलं असतं, कम्प्युटर. जुन्या सिनेमाला मात्र दर दहा मिनिटांनी विचारतात.

पहिली पायरी: छोटा सिनेमा लावा, अगदी छोटा

इथे माझी चूक झाली होती ती तुम्ही करू नका. मी सुरुवातच 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'ने केली, १९५६ चा, ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला, म्हटलं एवढं नाव आहे तर चालेलच. तो जवळजवळ तीन तासांचा आहे. पाऊण तासात निम्मी पोरं आतल्या खोलीत कॅरम खेळायला गेली आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पुढच्या वेळी मी अल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'व्हाइट मेन' लावला. १९५३ चा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम चाळीस मिनिटांचा. दक्षिण फ्रान्समधला कामार्ग नावाचा दलदलीचा भाग, तिथला मासे धरणारा एक मुलगा आणि कोणालाच न जुमानणारा एक पांढरा रानटी घोडा. संवाद जवळपास नाहीतच त्यामुळे भाषेची अडचणच येत नाही. आमच्या पोरांना ती दलदल बघून लगेच खाडी आठवली, ते पाणी, तो चिखल, ते उंच गवत. मुलाच्या हातात दोर आहे आणि घोडा त्याला चिखलातून फरफटत नेतोय तरी तो दोर सोडत नाही, त्या जागेला हॉलमध्ये कोणी श्वास घेत नव्हतं. फक्त शेवट आधी स्वतः बघून ठेवा, तो सरळ सुखाचा नाहीये, आमच्याकडे एक सहा वर्षांची मुलगी रडली आणि मग आम्ही अर्धा तास घोडा कुठे गेला असेल यावर बोललो. मला ते बोलणं सिनेमाइतकंच मोलाचं वाटलं पण तुमच्या पोराचा स्वभाव तुम्हालाच माहीत.

याच दिग्दर्शकाचा १९५६ चा 'द रेड बलून' चौतीस मिनिटांचा आहे, पॅरिसच्या गल्ल्यांमध्ये एका मुलाच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा. मुलाचं काम दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मुलाने केलंय. या छोट्याशा सिनेमाला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. हे दोन्ही एकाच संध्याकाळी नको, दोन वेगळ्या शनिवारी लावा.

दुसरी पायरी: टीव्ही आणि कॉपी तपासा

हे कंटाळवाणं वाटेल पण अर्धा खेळ इथेच आहे. १९५३ च्या आधीचे बहुतेक सिनेमे जवळपास चौकोनी फ्रेमचे असतात, तुमच्या टीव्हीवर ते लावले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणार. येऊ द्या. रिमोटवरून चित्र ताणून पट्ट्या घालवल्या तर माणसं बुटकी आणि जाडी दिसतात आणि पोरांना वाटतं जुना सिनेमा असाच वाकडा असतो. दुसरं, नव्या टीव्हीमध्ये चित्र गुळगुळीत करणारं एक सेटिंग असतं, नावात बहुतेक वेळा 'मोशन' असतं, ते बंदच करा. टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम्स घालतो आणि हाताने हलवलेल्या बाहुल्यांची सगळी मजा जाते.

आवाजाचं म्हणाल तर ब्लूटूथ स्पीकर जोडला की कधी कधी आवाज किंचित मागे राहतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात, त्यामुळे आम्ही वायर लावतो. प्रोजेक्टर असेल तर पांढरी चादर चालते पण ती इस्त्री करून चारी बाजूंनी ताणून लावा, पंख्याच्या वाऱ्याने समुद्र हलायला लागतो.

कॉपीची लांबी बघा. जुन्या सिनेमांच्या कापलेल्या कॉप्या खूप फिरतात. १९२५ चा 'द लॉस्ट वर्ल्ड' हा डायनासोरचा मूकपट इंटरनेट अर्काइव्ह या वेबसाइटवर फुकट आणि कायदेशीर बघता येतो, पण तिथेच त्याच्या तासाभराच्या आणि त्याहून बऱ्याच मोठ्या अशा वेगवेगळ्या कॉप्या आहेत, कारण मधली कित्येक वर्षं तो सिनेमा अर्धामुर्धाच उपलब्ध होता आणि नंतर तुकडे शोधून जोडला गेला. बाकीचे सिनेमे कधी ओटीटीवर असतात, कधी भाड्याने घ्यावे लागतात, कधी डीव्हीडीच शोधावी लागते. यादी सारखी बदलते म्हणून ज्या शनिवारी लावायचाय त्याच्या आधीच्या सोमवारी शोधून ठेवा, पोरं बसल्यावर शोधाशोध नको.

सबटायटल्सचं काय? लहान पोरांना तेवढ्या वेगात वाचता येत नाही. आमच्याकडे हे काम तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे आहे, ते रिटायर्ड शिक्षक आहेत, सोफ्याच्या टोकाला बसून चालू सिनेमात मराठीत सांगत जातात, आणि काय सुंदर सांगतात! कॅप्टन बोलला की त्यांचा आवाज खाली जातो आणि पोरगं बोललं की वर. घरात असं कोणी असेल तर त्यांना आधी एकदा सिनेमा बघायला द्या, मग बघा.

तिसरी पायरी: आता राक्षस

दोन-तीन छोटे सिनेमे झाले, पोरं बसायला शिकली, की रे हॅरीहाउझेनकडे जायचं. सिनेमांसाठी राक्षस बनवणारा हा अमेरिकी माणूस, जन्म १९२० चा, गेला २०१३ मध्ये. तेरा वर्षांचा असताना 'किंग काँग' बघितला आणि मग आयुष्यभर तेच केलं. तो छोट्या बाहुल्या करायचा, आत धातूचा सांध्यांचा सांगाडा, वर रबर, आणि बाहुली केसभर हलवायची, एक फ्रेम घ्यायची, परत केसभर हलवायची. सेकंदाला चोवीस फ्रेम. आणि ते धातूचे सांगाडे त्याचे वडील लेथवर बनवून द्यायचे, आई बाहुल्यांचे कपडे शिवायची. हे मी पोरांना सिनेमाच्या आधी सांगितलं तेव्हा ज्याचे बाबा वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतात तो मुलगा ताठ होऊन बसला, म्हणाला माझे बाबा पण करू शकतील. करूच शकतील.

सुरुवात 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद'ने करा, १९५८, दीड तासाच्या आत संपतो, त्यात बकऱ्याच्या पायांचा एकडोळ्या राक्षस आहे आणि एका सांगाड्याशी तलवारबाजी आहे. मग 'मिस्टीरियस आयलंड', १९६१. कैदी वादळात बलूनमधून पळून जातात आणि एका बेटावर पडतात, तिथे वाळूतून भलामोठा खेकडा वर येतो. तो खेकडा खऱ्या खेकड्याच्या कवचात सांगाडा बसवून केलाय. आमच्या कोळीवाड्यातल्या मित्राने हे न सांगताच ओळखलं. म्हणाला, काकू ही खरी चिंबोरी आहे, नांगी बघा ना कशी उघडते, रबराची अशी दिसणारच नाही. मग त्याने सगळ्यांना चिंबोरी कशी धरायची, मागून कुठे बोट ठेवायचं, हे इंटरव्हलमध्ये हातवारे करून दाखवलं. (या सिनेमांना इंटरव्हल नसतो, तो आपण काढायचा. कथेत लोक कुठेतरी पोचले की काढा, संकटाच्या मधोमध नको. कांदाभजी किंवा भडंग, चिकट काही नको.)

आणि मग 'जेसन अँड द आर्गोनॉट्स', १९६३. यातली शेवटची लढाई तीन माणसं विरुद्ध सात सांगाडे. पडद्यावर ती काही मिनिटांतच संपते पण ती करायला त्याला साडेचार महिने लागले, दिवसाला सरासरी तेरा फ्रेम. म्हणजे दिवसभर काम करून पडद्यावर अर्धा सेकंद! हा आकडा मी सिनेमा संपल्यावर सांगितला आणि मग पोरांनी तीच लढाई परत लावायला लावली, दुसऱ्यांदा कोणी ओरडलं नाही, सगळी एकेका सांगाड्याचे पाय बघत होती. अगदी छोट्यांना हा सिनेमा घाबरवेल, आम्ही सात वर्षांच्या खाली नाही दाखवत.

याच्याच जोडीला एक प्रयोग करून बघा. १९५९ चा 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' लावा, मस्त सिनेमा आहे, गर्ट्रूड नावाचं एक बदक आहे त्यात जे सगळ्यांना आवडतं, पण त्यातले डायनासोर म्हणजे पाठीवर माशासारखे पर चिकटवलेल्या खऱ्या इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, आहेत. जिवंत प्राणी. मी विचारलं कुठले डायनासोर खरे वाटले, तर सगळ्यांचं मत बाहुल्यांकडे गेलं, इग्वाना तर खऱ्या असून खोट्या वाटल्या. मला वाटतं कारण एवढंच की बाहुलीच्या प्रत्येक हालचालीचा कोणीतरी विचार केलेला असतो, इग्वाना बिचारी नुसती लाइटच्या उकाड्यात बसलेली असते.

चौथी पायरी: माझा सगळ्यात लाडका

एकच सिनेमा निवडायला सांगितला तर मी कारेल झेमानचा 'जर्नी टू द बिगिनिंग ऑफ टाइम' सांगेन. चेक सिनेमा, १९५५, साधारण दीड तास. चार मुलं. सगळ्यात छोट्याकडे ट्रायलोबाइट या फार प्राचीन समुद्री प्राण्याचा जीवाश्म आहे आणि त्याला तो जिवंत बघायचाय. मग चौघं एका गुहेतून होडी घेऊन एका नदीत शिरतात आणि ती नदी काळात मागे मागे जाते. आधी बर्फ आणि मॅमथ, मग मोठाले पक्षी, मग डायनासोर, मग कोळशाच्या काळातलं जंगल, आणि शेवटी सगळ्यात पहिला समुद्र जिथे जमिनीवर काहीच नाही. कोणी खलनायक नाही. मुलं वही ठेवतात, रोज काय बघितलं ते लिहितात, शेकोटी पेटवतात, होडी दुरुस्त करतात. बस. आणि तरी पोरं जागची हलली नाहीत, कारण पुढच्या वळणावर काय असेल हे त्यांना बघायचंच होतं. चित्रकार झ्डेनेक बुरियानने काढलेली प्राचीन प्राण्यांची चित्रं समोर ठेवून झेमानने हे सगळं बाहुल्या आणि चित्रं मिसळून उभं केलंय.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीने जुन्या वहीच्या मागच्या पानावर 'प्रवासाची डायरी' सुरू केली. पहिली नोंद कळवा पुलावरून खाली दिसलेल्या बगळ्याची होती.

झेमानचाच १९५८ चा 'इन्व्हेन्शन फॉर डिस्ट्रक्शन' जरा मोठ्या पोरांसाठी ठेवा. त्यात सगळं जग ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या जुन्या पुस्तकांतल्या चित्रांसारखं रेघारेघांचं आहे, कपड्यांपासून भिंतींपर्यंत सगळीकडे रेघा रंगवल्यात.

पाचवी पायरी: नेमो कोण होता ते सांगा

व्हर्न निघालाच आहे तर. १९५४ चा डिस्नेचा 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' बहुतेकांना ऐकून माहीत असतो पण पूर्ण बघितलेला नसतो. त्यातल्या राक्षसी माखलीशी लढाईचा किस्सा पोरांना जरूर सांगा. ती आधी शांत समुद्रात सूर्यास्ताच्या उजेडात शूट केली, तर माखली हलवायच्या तारा दिसायला लागल्या आणि सगळंच खोटं वाटायला लागलं, मग परत सगळा खर्च करून रात्री, वादळात शूट केली. अंधार आणि लाटांनी तारा लपल्या.

पण आपल्यासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे. सिनेमात पाणबुडीचा कॅप्टन नेमो आहे, त्याचं काम जेम्स मेसन या इंग्रज नटाने केलंय. व्हर्नने मात्र 'मिस्टीरियस आयलंड' या पुस्तकात सांगून टाकलंय की कॅप्टन नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कर, १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेला, घरदार गमावलेला. म्हणजे झाशीच्या बाजूचाच माणूस! हे आजोबांनी सांगितलं तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललंच नाही, मग एक जण म्हणाला, मग तो इंग्रजांची जहाजं फोडतो ते बरोबरच आहे की. यावर नंतर बरंच भांडण झालं. सिनेमाच्या आधी जमलं तर मराठी पुस्तक पण आणा, भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणलाय, आणि ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे पोरांना घेऊन जा आणि त्यांनाच विचारू द्या.

आपले सिनेमे विसरू नका

परदेशी सिनेमांच्या नादात हे राहून जातं. होमी वाडियांचा १९५६ चा 'हातिमताई' लावा, जयराज आणि शकीला. घरातल्या मोठ्यांना गाणी पाठ असतात आणि छोट्यांना सात सवाल सोडवत फिरणारा माणूस आवडतो. मग बाबूभाई मिस्त्रींचा 'पारसमणी', १९६३, लक्ष्मीकांत-प्यारेलालांच्या संगीताचा पहिला सिनेमा. बाबूभाईंना 'काला धागा' म्हणायचे, कारण १९३७ च्या एका सिनेमात अदृश्य माणसाच्या करामती त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून दाखवल्या होत्या. दोरा! आमच्या पोरांनी तो प्रयोग त्याच रात्री काळ्या ओढणीसमोर चमचा लटकवून केला.

आणि सत्यजित राय. 'सोनार केल्ला', १९७४, मागचा जन्म आठवणारा लहान मुकुल, त्याच्या मागावर असलेले बदमाश, ट्रेन, उंट आणि शेवटी जैसलमेरचा किल्ला. बंगाली कळत नाही म्हणून सोडू नका, आमच्या आजोबांनी त्यातल्या जटायू नावाच्या गमतीशीर लेखकाचं काम एवढं रंगवलं की पोरं अजून त्यांना जटायू म्हणतात.

खटकणाऱ्या गोष्टी आल्या की

येणारच. 'अराउंड द वर्ल्ड'मधली भारतीय राजकन्या शर्ली मॅक्लेनने केलीये, आणि तिला सतीपासून गोऱ्या साहेबाचा नोकर वाचवतो. १९६० च्या 'स्विस फॅमिली रॉबिन्सन'मधलं झाडावरचं घर बघून सगळ्यांना तिथेच राहायला जावंसं वाटतं, ते टोबॅगो बेटावर खऱ्या झाडावर बांधलं होतं, पण त्यातले चाचे नुसतेच आरडाओरडा करणारे पूर्वेकडचे लोक आहेत. १९६२ च्या 'हटारी!'मध्ये नट स्वतः गाडीतून पाठलाग करून रानटी जनावरं पकडतात. मी असे सिनेमे बंद करत नाही आणि गप्प पण बसत नाही. तिथेच थांबवते, विचारते हे बरोबर वाटतंय का, पोरं जे बोलायचं ते बोलतात, मग पुढे चालू. लांबलचक भाषण नको, तीस सेकंद पुरतात.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात १९४० चा 'द थीफ ऑफ बगदाद' दाखवा. त्यात चोर झालाय साबू, म्हैसूरकडच्या एका माहुताचा मुलगा, शूटिंगच्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचा. सगळ्या सिनेमाभर तोच धावतो, तोच जिनला फसवतो, तोच राजाला सोडवतो. युद्ध सुरू झाल्यामुळे लंडनमधलं अर्धवट काम अमेरिकेत नेऊन पूर्ण केलं, त्यामुळे बगदादच्या गोष्टीत मधेच ग्रँड कॅनियन दिसतं. तीन ऑस्कर मिळाले त्याला.

ज्या 'अराउंड द वर्ल्ड'ने माझी सुरुवात फसली तो आम्ही मागच्या वर्षी परत लावला, दोन शनिवारांत अर्धा अर्धा. या वेळी आधी पुस्तकातला एक उतारा वाचला. गोष्टीचा नायक फिलियस फॉग मुंबईहून कलकत्त्याच्या गाडीत बसतो, गाडी पुलांवरून साष्टी बेट ओलांडते आणि कल्याणला पोचते. म्हणजे ती आपल्या ठाण्याच्या खाडीवरूनच गेली, १८७२ सालच्या त्या गोष्टीत! पोरांनी लगेच हिशेब काढला की तो कुठल्या बाजूच्या खिडकीत बसला असेल तर त्याला काय दिसलं असेल. या वेळी कॅरमकडे कोणी गेलं नाही.

शेवटची पायरी: स्वतः करून बघा

पाच-सहा सिनेमे झाले की पोरं म्हणणारच, आपण पण करूया. मोबाईलवर स्टॉप मोशनचं, म्हणजे एकेक फोटो जोडून सिनेमा करणारं, एखादं फुकट ॲप घ्या, मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्यात घट्ट उभा करा, खिडकी बंद करून एकच दिवा ठेवा कारण ढग आले-गेले की उजेड बदलतो. सेकंदाला बारा फोटो पुरतात. आमच्या पोरांनी गणपतीच्या वर्कशॉपमधून उरलेल्या शाडूची चिंबोरी केली, पण शाडू सुकला की तडकतो, दुसऱ्याच तासाला एक नांगी तुटली. मग त्यांनी गोष्टच बदलली, चिंबोरीची लढाईत नांगी तुटते आणि ती तशीच चालत खाडीकडे निघून जाते. तुम्ही रंगीत क्ले घ्या, तो मऊ राहतो.

एक अख्खा रविवार गेला. एकशे आठ फोटो, नऊ सेकंदांचा सिनेमा. शेवटच्या काही फोटोंत कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा आलाय, तो काढूया का असं मी विचारलं तर सगळी एकदम नाही म्हणाली.